जीवनशैली मोजायची पट्टी आली कुठून?

आंघोळीला किती बादल्या पाणी लागतं? आठवड्यातून कितीदा मांसाहार होतो? गाडीतून एकटेच जाता का? पर्यावरण दिन जवळ आला की अशा प्रश्नावल्या मोबाईलवर फिरू लागतात. शेवटी निकाल लागतो: सगळं जग तुमच्यासारखं जगलं तर अमुक इतक्या पृथ्व्या लागतील. या आकड्यामागे पन्नासेक वर्षांचा वाद आहे. पर्यावरणाची ही उधारी नेमकी कोणाच्या खात्यावर मांडायची, हा तो वाद.

आधी ती लोकसंख्येच्या खात्यावर होती. पॉल एर्लिक आणि जॉन होल्ड्रेन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये वाढत्या लोकसंख्येच्या परिणामांची मांडणी केली आणि त्या चर्चेतून एक सूत्र रूढ झालं: लोकसंख्या गुणिले दरडोई उपभोग गुणिले तंत्रज्ञान, म्हणजे पर्यावरणावरचा भार. एर्लिक यांचा रोख माणसांच्या संख्येवर होता, तर अमेरिकी जीवशास्त्रज्ञ बॅरी कॉमनर यांनी महायुद्धानंतरच्या तंत्रज्ञानाकडे बोट दाखवलं. पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या स्टॉकहोममधल्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधी बोलल्या. गरिबी हीच सर्वांत मोठी प्रदूषक नाही का, हा त्यांचा सवाल आजही उद्धृत होतो. त्याच भाषणात त्यांनी असंही सांगितलं होतं, की जगाच्या लोकसंख्येत अगदी छोटा वाटा असलेले देश खनिजं आणि इंधनांचा मोठा हिस्सा फस्त करतात. तेवढं मात्र सोयीस्करपणे विसरलं जातं.

‘इतक्या पृथ्व्या’ ही भाषा आली कॅनडातून. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले विल्यम रीस आणि त्यांचे स्विस विद्यार्थी माथिस वाकरनागेल यांनी नव्वदच्या दशकात जुना प्रश्न उलटा केला. ही जमीन किती माणसं पोसेल, असं विचारण्याऐवजी या माणसांना जगायला एकूण किती जमीन लागते, मग ती जगात कुठेही असो, असं त्यांनी विचारलं. धान्य, कुरण, लाकूड, मासे, बांधकाम आणि सोडलेला कार्बन शोषून घ्यायला लागणारं जंगल, सगळं हेक्टरमध्ये. जगात माणशी सुमारे दीड हेक्टर उत्पादक क्षेत्र वाट्याला येतं. सरासरी भारतीय त्याहून कमी वापरतो, सरासरी अमेरिकी त्याच्या कितीतरी पट. या पद्धतीवर टीकाही झाली, कारण एकूण आकड्यातला निम्म्याहून मोठा भाग त्या कार्बन शोषणाऱ्या, प्रत्यक्षात नसलेल्या जंगलाचा असतो. तरीही सामान्य माणसाला कळेल असं चित्र पहिल्यांदा याच पद्धतीने दिलं, हे मान्य करायला हवं.

दरम्यान दिल्लीत वेगळीच ठिणगी पडली होती. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटच्या १९९० च्या अहवालात पृथ्वी तापवणाऱ्या वायूंसाठी भारत आणि चीन मोठे दोषी ठरले होते. दिल्लीच्या ‘सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट’ या संस्थेच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्ये त्याला उत्तर दिलं. भातखाचरातून निघणारा मिथेन आणि मोटारीच्या नळीतून निघणारा धूर एकाच तराजूत कसा घालता? एक जगण्यासाठी, दुसरा चैनीसाठी. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत नेमका आक्षेप आहे, आणि मोबाईलवरच्या प्रश्नावल्यांना तो आजही पेलत नाही.

मग खातं थेट तुमच्या-माझ्या नावावर आलं. आणणारं कोण? ब्रिटिश पेट्रोलियम. या कंपनीने २००४ मध्ये व्यक्तिगत कार्बन मोजण्याचं गणकयंत्र संकेतस्थळावर ठेवलं आणि जाहिरातींतून लोकांना तुमचा कार्बन किती, असं विचारायला सुरुवात केली. तेल विकणाऱ्यानेच तेल जाळणाऱ्याला जाब विचारावा, हा विनोद तेव्हा फारसा कोणाच्या ध्यानात आला नाही.

नॅशनल जिओग्राफिकच्या २००८ पासूनच्या ग्राहक सर्वेक्षणात पर्यावरणपूरक राहणीच्या बाबतीत भारतीय वारंवार अव्वल ठरले. २०१२ च्या फेरीत आणखी एक गंमत दिसली: पर्यावरणाबद्दल सर्वांत अपराधी वाटणाऱ्यांत भारतीय पुढे होते आणि तळाला असलेल्या अमेरिकी ग्राहकांना ती टोचणी सर्वांत कमी होती. अव्वल क्रमांकाने फार हुरळून जाण्याचं कारण नाही. परदेशी प्रश्नावल्यांत घर गरम ठेवण्याला मोठं वजन असतं. पुण्या-नागपुरात ते गुण हवामान देतं. हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या घरालाही उत्तम गुण पडतात.

आपल्याकडचा ढोबळ हिशेब मात्र सोपा आहे. विजेच्या एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, लिटरभर पेट्रोलमागे २.३ किलो, १४.२ किलोच्या सिलिंडरमागे ४० किलोच्या वर. महिन्याचं वीजबिल पाहिलं की कुठे हात घालायचा ते कळतं.

केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये केवडियाला सुरू केलेल्या ‘मिशन लाइफ’मध्ये ७५ कृतींची यादी आहे: नळ बंद करा, सिग्नलला इंजिन बंद करा, कापडी पिशवी वापरा. भर पुन्हा व्यक्तीवरच. महाराष्ट्राच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानाने त्याआधीच, २०२० मध्ये, निराळी वाट धरली होती. तिथे भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांच्या निकषांवर ग्रामपंचायती, नगरपालिका आणि महापालिका यांना गुण मिळतात. घरात नीट वेगळा केलेला ओला-सुका कचरा घंटागाडीत पुन्हा एकत्र होत असेल, तर ते घराच्या गुणपत्रिकेत दिसत नाही. या पद्धतीत निदान ते गावाच्या खात्यावर मांडता येतं.