उरुग्वेत राहायला जायचंय? रेसिडेन्सीचा अर्ज, कागदपत्रं आणि तिथला खरा खर्च

दक्षिण अमेरिका म्हणजे स्वस्ताई, हा समज उरुग्वेत पहिल्याच किराणा बिलाला उतरतो. सगळ्या खंडात मॉन्टेव्हिडिओ, म्हणजे उरुग्वेची राजधानी, हे महागड्या शहरांत मोडतं. तरीही परदेशात कायम राहायचा विचार करणाऱ्या भारतीय माणसाने या देशाकडे बघावं, कारण तिथे रेसिडेन्सीसाठी, म्हणजे राहण्याच्या परवान्यासाठी, पॉइंट मोजत नाहीत, लॉटरी नसते आणि अमुक लाख डॉलर बँकेत ठेवा अशी सरसकट अटही नाही. 2008 च्या 18.250 क्रमांकाच्या स्थलांतर कायद्यानुसार सरकारला मुख्यतः तीन गोष्टी कळायला हव्या असतात. तुम्ही कोण, तुमच्यावर गुन्हे आहेत का, आणि तिथे राहून खाणार काय.

तीनही प्रश्नांची उत्तरं कागदावर द्यायची आहेत आणि त्यातले बहुतेक कागद भारतातून न्यायचे आहेत. त्यामुळे अर्ज मॉन्टेव्हिडिओत अडकला असं जे लोक सांगतात, त्यांचा अर्ज खरं तर जन्मगावच्या नगरपालिकेतच अडकलेला असतो.

कोणाला अर्ज करता येतो

इंटरनेटवर उरुग्वेची रेसिडेन्सी चुटकीसरशी मिळाल्याच्या गोष्टी सापडतात, त्या बहुधा अर्जेंटिना किंवा ब्राझीलच्या लोकांच्या. मर्कोसुर या दक्षिण अमेरिकी व्यापारगटातल्या देशांच्या नागरिकांसाठी 2014 पासून वेगळा, सोपा रस्ता आहे. भारतीयांना तो लागू नाही. आपल्याला साधा रस्ता, म्हणजे कायम राहण्याचा हेतू आणि नियमित उत्पन्न दाखवून केलेला अर्ज.

उत्पन्न नोकरीचं चालतं, पेन्शनचं चालतं, घरभाड्याचं किंवा स्वतःच्या व्यवसायाचंही चालतं. महत्त्वाचं हे की ते दरमहा येणारं हवं. खात्यात पन्नास लाखांची एफडी आहे, एवढं सांगून भागत नाही. तिचं व्याज दरमहा जमा होत असेल, तर तो उत्पन्नाचा पुरावा. साध्या अर्जासाठी कायद्याने किमान आकडा ठरवलेला नाही, पण तिथल्या खर्चाला पुरेल असं उत्पन्न दिसायला हवं. पेन्शनरांसाठी 16.340 क्रमांकाचा एक वेगळा कायदाही आहे. त्यात काही सवलती मिळतात, पण महिना 1,500 डॉलरचं पेन्शन आणि एक लाख डॉलरची मालमत्ता किंवा रोखे अशी अट येते. सवलतींसाठी एवढा पैसा अडकवण्यापेक्षा साधा अर्ज बरा, असं माझं मत.

कंपनीतर्फे जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. टाटा कन्सल्टन्सीचं मॉन्टेव्हिडिओतलं केंद्र 2002 पासून आहे, आणि अशा बदलीवर जाणाऱ्यांचे कागद कंपनीच बघते. लॅपटॉपवर परदेशी कंपनीचं काम करणाऱ्यांसाठी 2023 पासून डिजिटल नोमॅड परवाना निघाला आहे. तो 180 दिवसांचा असतो आणि पुढे तेवढ्याच दिवसांनी वाढवता येतो. आधी राहून बघायचं असेल तर तो चांगला. मात्र यातला कोणताही मार्ग धरला तरी भारतीय पासपोर्टवर आत शिरायला आधी व्हिसा लागतो. त्यासाठी उरुग्वेचा दूतावास नवी दिल्लीत आहे. गोव्यातल्या ज्यांच्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे त्यांना व्हिसाची ही पायरी लागत नाही.

जन्मदाखला: सगळ्यात आधी हाच काढा

शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पॅन यांतलं काहीही जन्मदाखल्याची जागा घेत नाही. मॉन्टेव्हिडिओत तुमचा जन्मदाखला तिथल्या नागरी नोंदणी कार्यालयात नोंदवला जातो आणि त्यावरून सेदुला, म्हणजे तिथलं ओळखपत्र, तयार होतं. म्हणून दाखल्यावर जे लिहिलंय ते नीट वाचा.

पहिली अडचण जुन्या नोंदींची. साठ-सत्तरच्या दशकातल्या कितीतरी नोंदींत बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. आईचं नाव, वडिलांचं नाव, तारीख सगळं आहे, फक्त तुम्ही नाही. नाव नोंदवून घेण्याचा अर्ज त्याच नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करावा लागतो. जन्माची नोंदच नसेल तर विलंबित नोंदणीसाठी दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. याला महिने लागतात, म्हणून तिकिटाच्या आधी हे काम.

दुसरी अडचण भाषेची. उरुग्वेत फक्त तिथल्या अधिकृत सरकारी भाषांतरकाराने, त्यांच्या भाषेत त्रादुक्तोर पुब्लिकोने, केलेलं भाषांतर चालतं. इंग्रजीचे भाषांतरकार सहज मिळतात. मराठीचा शोधत बसू नका. जुना, हाताने लिहिलेला, फक्त मराठीतला दाखला असेल तर नवी संगणकीकृत, मराठी-इंग्रजी प्रत काढून घ्या.

तिसरी अडचण विवाहित बायकांची, आणि ती सगळ्यात चिवट. समजा जन्मदाखल्यावर शैला दत्तात्रय जोशी आहे, लग्नात नाव बदलून शालिनी झालं आणि पासपोर्टवर शालिनी माधव कुलकर्णी आलं. मॉन्टेव्हिडिओतल्या कार्यालयातल्या बाईंना या दोन वेगळ्या व्यक्ती वाटतात, कारण त्यांच्याकडे लग्नानंतर आडनावच बदलत नाही, मग पहिलं नाव कुठून बदलणार? आडनावासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि पहिल्या नावासाठी राजपत्रातली नावबदलाची प्रत असे दोन्ही कागद बरोबर हवेत, तेही अपोस्टील करून, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून सरकारचं प्रमाणन घेऊन. पासपोर्टवर पती किंवा पत्नीचं नाव घातलेलं असेल तर काम थोडं हलकं होतं.

आणि एक: दाखला लॅमिनेट करू नका. आपल्याकडे महत्त्वाचा कागद दिसला की त्यावर प्लास्टिक चढवायची घाई असते. त्यावर शिक्का, स्टिकर काहीच बसत नाही आणि नवी प्रत काढावी लागते.

अपोस्टील आणि पोलिसांचा दाखला

भारत आणि उरुग्वे हे दोन्ही देश अपोस्टील करारात आहेत, भारत 2005 पासून आणि उरुग्वे 2012 पासून. त्यामुळे दूतावासात कागद फिरवावे लागत नाहीत. जन्म आणि विवाह दाखल्यावर आधी राज्य शासनाचं साक्षांकन, महाराष्ट्रात ते मंत्रालयातून, आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टील. परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टीलची फी कागदामागे 50 रुपये आहे, त्यावर नेमलेल्या एजन्सीचा सेवा आकार. कुणी एका दाखल्याचे पाच-सात हजार मागत असेल तर तो धावपळीचे पैसे घेतोय, सरकारी फी नव्हे.

पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून काढा, फी 500 रुपये. स्थानिक पोलीस ठाण्याचा चारित्र्य दाखला म्हणजे हा नव्हे. गेल्या पाच वर्षांत दुबईत किंवा सिंगापूरला राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो. हा कागद शिळा झालेला चालत नाही, म्हणून जन्मदाखला आधी आणि हा अगदी शेवटी.

उत्पन्नाचे कागद म्हणजे पेन्शनचा आदेश, बँकेची विवरणपत्रं, भाडेकरार. यांचं अंतिम प्रमाणपत्र तिथला एस्क्रिबानो, म्हणजे नोटरी, किंवा तिथला लेखापाल देतो. आपल्या नोटरीपेक्षा त्याचं वजन कितीतरी जास्त आणि फीसुद्धा तशीच. सरकारी फी जुजबी असते. खिसा हलका होतो तो याच्या आणि भाषांतरकाराच्या दारात.

तिथे पोचल्यावर

अर्ज मॉन्टेव्हिडिओत राष्ट्रीय स्थलांतर कार्यालयात, ऑनलाइन वेळ घेऊन. त्याआधी तिथल्या सरकारी लसीकरण केंद्रातून लसीकरणाचं प्रमाणपत्र घ्यायचं. भारतातली लसींची नोंद बरोबर नेली तर पुन्हा टोचून घेणं टळू शकतं. स्पॅनिशची परीक्षा नाही. अर्ज स्वीकारला की "प्रक्रिया सुरू आहे" असा दाखला मिळतो आणि त्यावर तात्पुरती सेदुला निघते. तिच्यावर नोकरी करता येते. अंतिम मंजुरीला वर्ष किंवा त्याहून जास्त लागू शकतं, पण सेदुला हातात असल्यामुळे ते फारसं जाणवत नाही.

जाणवतं ते एकाच वेळी: घरून फोन आला आणि तातडीने भारतात यावं लागलं तर. अर्ज चालू असताना देशाबाहेर जायचं तर परत प्रवेशाचा परवाना आधी घ्यावा लागतो. तो न घेता विमानात बसलात तर परतीच्या वेळी पुन्हा दिल्लीच्या व्हिसापासून सुरुवात.

आता खर्चाचं बोलू

उरुग्वेचा 2025 चा किमान मासिक पगार 23,604 पेसो होता. एक पेसो अदमासे सव्वादोन रुपये धरा, म्हणजे हे बावन्न-त्रेपन्न हजार रुपये होतात. साठ हजारांचं पेन्शन इथे चांगलं वाटतं, तिथे ते किमान पगाराच्या जरासं वर असतं. त्यात दोघांचं भागत नाही.

पोसितोस किंवा पुंता कारेतास अशा समुद्राकाठच्या भागात एका बेडरूमच्या फ्लॅटला पंचवीस ते पस्तीस हजार पेसो भाडं धरून चाला. त्यावर गास्तोस कोमुनेस, म्हणजे सोसायटीचा मेंटेनन्स. तो जाहिरातीत बारीक अक्षरात असतो आणि पाच-आठ हजार सहज जातो. घर भाड्याने मिळवणं हीच मोठी कसरत आहे, कारण मालक जामीन मागतात. स्थानिक पगारदार माणूस विम्याची किंवा संस्थेची हमी देतो. नवख्या परदेशी माणसाला बहुधा पाच-सहा महिन्यांचं भाडं अनामत ठेवावं लागतं. 2020 च्या 19.889 क्रमांकाच्या कायद्याने जामिनाशिवायही करार करता येतो, पण त्यात थकबाकी झाली की घर लवकर खाली करावं लागतं, आणि सगळे मालक त्याला तयार नसतात. पहिल्या महिन्यात ही अनामत एकरकमी जाते, हे बजेटमध्ये धरा.

विक्रीकर 22 टक्के, काही जीवनावश्यक वस्तूंवर 10 टक्के. हॉटेलात कार्डाने पैसे दिले की करात सवलत मिळते, म्हणून तिथे रोकड काढू नका. जून ते ऑगस्ट हिवाळा. बर्फ नाही, पण दमट गारठा हाडात शिरतो आणि बहुतेक घरांत हीटर विजेवर. वीज कंपनी उतेचा दोन वेळांचा दर घेतला तर संध्याकाळचे महाग तास सोडून धुणं-गीझर उरकावं लागतं.

खाण्यापिण्यात एक चांगली बातमी. इटालियन स्थलांतरितांनी फायना नावाची हरभऱ्याच्या पिठाची पोळी तिथे रुजवली आहे, त्यामुळे बेसन कुठल्याही दुकानात मिळतं. पिठल्याची सोय झाली. तांदूळ तिथेच पिकतो आणि चांगला असतो. तूरडाळ, कढीपत्ता, तिखट हिरवी मिरची मात्र विसरा. मसाले घरून न्या.

औषधोपचारासाठी मुतुआलिस्ता नावाच्या सभासदत्वाच्या दवाखान्यांची पद्धत आहे. नोकरी असेल तर पगारातून वर्गणी जाते. पेन्शनराने स्वतः सभासद व्हायचं तर महिना काही हजार पेसो आणि वय, जुने आजार यांची चौकशी होते. साठीपुढच्यांनी हे घर शोधण्याच्याही आधी विचारून घ्यावं.

सगळं धरून मॉन्टेव्हिडिओत साधेपणाने राहणाऱ्या दोघांना महिना ऐंशी हजार पेसो, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास, हा माझा अंदाज. किनाऱ्यापासून आत किंवा लहान गावात गेलात तर भाडं उतरतं, किराणा फारसा उतरत नाही.

निघण्याआधी भारतात उरकायचं

बँक खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करून घ्या. भाडेकरूला सांगा की मालक अनिवासी झाला की भाड्यावर त्याला कर कापावा लागतो. रहिवासी असतानाच बाहेर पैसे पाठवायचे असतील तर आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलरची मर्यादा आहे आणि दहा लाख रुपयांपुढे बँक कर आगाऊ कापून घेते. भारत आणि उरुग्वेत दुहेरी कर टाळण्याचा करार आहे, तो सीएला दाखवा.

विमान ब्राझील किंवा इथिओपियावरून असेल तर पीतज्वराची लस किमान दहा दिवस आधी घ्या. उरुग्वेला तिचं काही नाही, पण परतताना भारतातच प्रमाणपत्र मागतात आणि नसेल तर विलगीकरणात ठेवतात. वय जास्त असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

आणि पासपोर्टची मुदत दोन-तीन वर्षांवर आली असेल तर इथूनच नवा काढून न्या. मॉन्टेव्हिडिओत भारताचा दूतावास नाही. तिथलं काम अर्जेंटिनातल्या ब्युनोस आयर्सचा दूतावास बघतो. नदीपलीकडे बोट जाते खरी, पण भारतीय पासपोर्टवर अर्जेंटिनाचा वेगळा व्हिसा आणि वर सांगितलेला परत प्रवेशाचा परवाना, दोन्ही लागतात.