न सापडलेल्या पुस्तकांची शिरगणती

‘ज्याने मादोक लिहिलं आणि त्यापायी रात्री जागवल्या, तो विलेम.’ तेराव्या शतकातलं ‘व्हान देन व्होस रेनार्दे’ हे डच काव्य साधारण असं सुरू होतं. रेनार्ड कोल्ह्याच्या फ्रेंच कथामालेतला दरबारी खटला विलेमने उचलला आणि आजच्या बेल्जियममधल्या फ्लँडर्सच्या मातीत रुजवला. मधाची लालूच दाखवून अस्वलाला चिरलेल्या ओंडक्यात अडकवणारा, पुरलेल्या खजिन्याची थाप मारून सिंहराजालाच गुंडाळणारा हा कोल्हा. चौतीसशेहून जास्त ओळींचं हे काव्य दोन हस्तलिखितांत पूर्ण मिळतं, शिवाय काही तुकडे आहेत.

आणि मादोक? त्याचं एक पानही नाही. १२७१च्या आपल्या ग्रंथात डच कवी याकोब व्हान मारलांट ‘मादोकच्या स्वप्ना’ला टोमणा मारतो, म्हणजे लोकांना ते माहीत होतं. मादोक नावाचा वेल्श राजपुत्र कोलंबसाच्या आधी अमेरिकेला पोचला, अशी एक दंतकथा आहे. तिचे भक्त विलेमच्या या पुस्तकाला साक्षीला काढतात. कुणीही न वाचलेलं पुस्तक साक्षीला सोयीचंच, उलटतपासणीची भीती नाही!

मादोकचं निदान नाव उरलं. ज्यांचं नावही उरलं नाही, ती पुस्तकं मोजायची कशी? उत्तर जीवशास्त्राकडे होतं. जंगलात न दिसलेल्या प्रजाती किती, हे तैवानच्या संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांच्या सूत्राने काढतात. त्यात फक्त एकदाच दिसलेल्या आणि दोनदाच दिसलेल्या प्रजाती लागतात. प्रत्येक प्रजाती दिसण्याची सरासरी ‘ल’ धरली, तर पॉयसाँ वितरणात (योगायोगाने घडणारी गोष्ट किती वेळा घडेल, याच्या गणितात) शून्य, एक आणि दोन वेळा दिसण्याचं प्रमाण १ : ल : ल²/२ असतं. ‘ल’ आपल्याला ठाऊक नाही, पण एकदाच दिसलेल्यांच्या संख्येचा वर्ग करून तो दोनदा दिसलेल्यांच्या संख्येच्या दुपटीने भागला की ‘ल’ कटतो आणि हाती एकदाही न दिसलेल्यांची संख्या येते. समजा, ४० काव्यांची एकेकच प्रत उरली आणि २० काव्यांच्या दोन-दोन. १६०० भागिले ४०, म्हणजे ४० काव्यं साफ गेली. ‘ल’ सगळ्यांचा सारखा नसतो, त्यामुळे खरा आकडा याहून जास्तच. हा किमान अंदाज.

२०२२मध्ये अँटवर्प विद्यापीठाचे संशोधक माईक केस्टेमॉन्ट आणि सहकाऱ्यांनी हे गणित सहा भाषांतल्या मध्ययुगीन वीरकथांना लावून ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापलं. प्रजातीच्या जागी काव्य, दर्शनाच्या जागी हस्तलिखित. निष्कर्ष असा की सुमारे ६८ टक्के कृती टिकल्या, पण हस्तलिखितं जेमतेम ९ टक्के. बरीच चर्मपत्रं फाडून दुसऱ्या पुस्तकांच्या बांधणीत वापरली गेली. अशा बातम्यांचे मथळे ‘हरवलेला खजिना सापडला’ छापाचे होतात. सूत्र फक्त किती गेलं ते सांगतं, काय गेलं ते नाही.

डचमधल्या कृती निम्म्याच उरल्या, इंग्रजीतल्या त्याहून कमी. आइसलँडिक आणि आयरिश मात्र तीन-चतुर्थांशांहून जास्त टिकल्या. संशोधकांच्या मते तिथे प्रती मोजक्या लोकप्रिय कथांपाशी न साचता बऱ्याच समान वाटल्या गेल्या होत्या, म्हणून एखादं ग्रंथालय जळालं तरी कथा दुसरीकडे शिल्लक राहायची.