चाचणीला नकार आणि प्रश्नावलीला नकार : अमेरिकी शाळांतील पालकांचे दोन वेगळे हक्क

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात सरकारी शाळांतील मुले दर वसंत ऋतूत ‘एमकॅस’ ही राज्याची प्रमाणित चाचणी देतात. ठरावीक इयत्तांतील मुलांपुढे या चाचणीच्या जोडीने ‘व्होकल’ नावाची एक प्रश्नावलीही येते. शाळेत सुरक्षित वाटते का, शिक्षक म्हणणे ऐकून घेतात का, वर्गात कोणी कोणाला छळते का, अशा आशयाची विधाने तिच्यात असतात आणि मुलाने ‘नेहमी खरे’पासून ‘कधीच खरे नाही’पर्यंतच्या चार पर्यायांपैकी एक निवडायचा असतो. दहा वर्षांच्या मुलाला गणिताचा प्रश्न आणि हे विधान यांत फरक जाणवत नाही, कारण दोन्ही शाळेनेच पुढे केलेले असते आणि शाळेने पुढे केलेले सोडवायचे असते, एवढेच त्याला ठाऊक असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. ‘एमकॅस’ देण्यास नकार देण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात नाही. नोव्हेंबर 2024 मधील सार्वमताने शालान्त पदविकेसाठी ही चाचणी उत्तीर्ण होण्याची अट काढून टाकली, तरी चाचणीला बसण्याचे बंधन कायम राहिले. ‘व्होकल’ मात्र संपूर्णपणे ऐच्छिक आहे. पालक तिला आधीच नकार कळवू शकतात आणि मूल कोणताही प्रश्न कोरा ठेवू शकते.

अमेरिकेतील पालकांच्या बोलण्यात या दोन्ही नकारांना सरसकट ‘ऑप्ट-आउट’ म्हटले जाते आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. चाचणीतून मूल काढून घेणाऱ्या पालकाला वाटते की प्रश्नावलीही आपोआप टळली. प्रश्नावली नको असलेल्या पालकाला वाटते की त्यासाठी चाचणीच सोडावी लागेल. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. माझ्या मते याहून मोठी विसंगती अशी की, चाचणीला नकार देण्याचा हक्क अनेक राज्यांत वादग्रस्त असूनही त्याची चर्चा भरपूर होते आणि प्रश्नावलीला नकार देण्याचा हक्क पुष्कळ अधिक स्पष्ट असूनही तो बहुतेकांच्या कानावर पडत नाही.

आधी चाचणीचे पाहू. 2015 मध्ये संमत झालेल्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्ट’ या संघीय कायद्यानुसार प्रत्येक राज्याने तिसरी ते आठवीच्या सर्व मुलांची वाचन व गणितात दरवर्षी आणि माध्यमिक टप्प्यावर एकदा चाचणी घ्यावी लागते. किमान 95 टक्के मुलांनी ती दिलीच पाहिजे, अशी अपेक्षाही त्यात आहे. त्याच कायद्यात असेही म्हटले आहे की, मुलाला चाचणीला बसवायचे की नाही या पालकांच्या निर्णयाबाबत राज्याचा किंवा स्थानिक कायदा असल्यास संघीय कायदा त्याच्या आड येणार नाही. म्हणजे केंद्राने हक्क दिलेला नाही आणि काढूनही घेतलेला नाही. तो राज्यावर सोडला आहे.

परिणामी राज्यागणिक चित्र बदलते. कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेतील कलम 60615 नुसार पालकाने लेखी विनंती केल्यास मुलाला राज्याच्या चाचणीतून पूर्णतः किंवा अंशतः सूट द्यावीच लागते. ओरेगॉनने 2015 मध्ये कायदा करून अशीच मुभा दिली. टेक्सासचा कायदा याच्या नेमका उलट आहे, कारण चाचणी टाळण्यासाठी मुलाला वर्गातून काढून नेण्याचा अधिकार पालकाला नाही, असे तिथे स्पष्ट लिहिलेले आहे. न्यूयॉर्कमध्ये अशा सवलतीची तरतूद नसतानाही 2015 मध्ये तिसरी ते आठवीच्या पात्र मुलांपैकी सुमारे 20 टक्के, म्हणजे दोन लाखांहून अधिक मुले, चाचणीला बसली नाहीत. नव्या अभ्यासक्रम-मानकांवर बेतलेल्या अवघड चाचण्या आणि त्यांच्या निकालाशी जोडलेले शिक्षकांचे मूल्यमापन, या दोन गोष्टींचा राग त्यामागे होता.

या नकाराची किंमत बहुधा शाळा मोजते. 100 मुलांच्या शाळेत 80 मुलांनी चाचणी दिली आणि त्यांपैकी 60 जण अपेक्षित पातळीला पोहोचले, तर सरळ हिशेबाने शाळेचा निकाल 75 टक्के होतो. संघीय नियमानुसार मात्र छेद किमान 95 धरावा लागतो, म्हणून तोच निकाल 63 टक्क्यांवर येतो. गैरहजर मुले जणू नापास झाली, असे धरून हा आकडा निघतो. मुख्याध्यापक चाचणीबद्दल पालकांना पत्रे पाठवतात, बैठका घेतात, आर्जवे करतात, त्यामागे हे गणित असते. प्रश्नावलीच्या कोऱ्या जागांनी शाळेच्या निकालाला असा धक्का बसत नाही, त्यामुळे ती ऐच्छिक आहे हे ठळकपणे सांगण्याची घाईही कोणाला नसते.

प्रश्नावलीचा कायदा जुना आहे. सिनेटर ऑरिन हॅच यांच्या पुढाकाराने 1978 मध्ये संघीय शिक्षण कायद्यात आलेली ‘प्रोटेक्शन ऑफ प्युपिल राइट्स अमेंडमेंट’ ही विद्यार्थ्यांच्या हक्कांच्या संरक्षणाची दुरुस्ती ‘पीपीआरए’ या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिने आठ विषय संरक्षित ठरवले आहेत. मुलाची वा पालकांची राजकीय मते, मानसिक त्रास, लैंगिक वर्तन व दृष्टिकोन, बेकायदा किंवा स्वतःला अडचणीत आणणारे वर्तन, जवळच्या नातेवाइकांविषयीचे टीकात्मक मत, वकील-डॉक्टर-धर्मगुरू यांच्याशी असलेले गोपनीय नाते, धार्मिक आचार व श्रद्धा, आणि एखाद्या योजनेच्या पात्रतेसाठी कायद्याने विचारावे लागते ते सोडून कुटुंबाचे उत्पन्न. या आठांपैकी एकालाही स्पर्श करणारे सर्वेक्षण संघीय शिक्षण खात्याच्या पैशातून होत असेल आणि मुलावर बंधनकारक असेल, तर पालकाची लेखी संमती आधी घ्यावी लागते. पैसा त्या खात्याचा नसेल, तर शाळेने पालकांना आधी कळवून नकाराची संधी द्यायची असते, आणि अशा सर्वेक्षणांच्या ठरलेल्या किंवा अंदाजे तारखा वर्षाच्या सुरुवातीला सांगायच्या असतात.

पहिल्या प्रकारात पालक गप्प राहिला तर मुलाला प्रश्न विचारता येत नाहीत. दुसऱ्या प्रकारात ‘मौनं संमतिलक्षणम्’ हा न्याय लागतो. कॅलिफोर्नियाने चाचणी आणि सर्वेक्षण यांच्यासाठी याच दोन रीती शेजारीशेजारी ठेवल्या आहेत. कलम 60615 खाली पालकाने काही लिहिले नाही तर मूल चाचणी देते, तर कलम 51513 खाली मुलाच्या किंवा पालकाच्या लैंगिकता, कौटुंबिक जीवन, नीती आणि धर्म यांविषयीच्या खाजगी समजुतींबद्दल विचारायचे असल्यास पालकाने लिहून होकार दिल्याशिवाय प्रश्नच विचारता येत नाही. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. सातवी ते बारावीच्या मुलांसाठीच्या निनावी, ऐच्छिक आरोग्य-सर्वेक्षणांना पालकाचे मौन पुरते. त्यामुळे आरोग्यविषयक एकाच सर्वेक्षणासाठी पाचवीतल्या धाकट्याचा फॉर्म सही करून परत द्यावा लागतो आणि नववीतल्या थोरल्याचा फॉर्म नकार असेल तरच द्यायचा असतो. घरी दोन्ही कागद एकाच दप्तरातून आले तर पालकाने गोंधळून जाणे स्वाभाविकच आहे.

पालकाच्या हातातील आणखी एक साधन दोन्हीकडे सारखे नाही. बाहेरच्या संस्थेने तयार केलेले सर्वेक्षण मुलांना देण्याआधी पाहण्याचा हक्क पीपीआरए पालकाला देते. शैक्षणिक चाचण्यांना हा पाहणीचा हक्क लागू नाही, आणि प्रश्नपत्रिका आधी दाखवली तर चाचणीला अर्थ राहणार नाही हे उघड आहे. प्रश्नावलीत मात्र फुटण्यासारखे काही नसते. ती आधी वाचायला मागणे हा आगाऊपणा नव्हे, कायद्याने दिलेली सोय आहे.

‘ऐच्छिक’ हा शिक्का प्रत्यक्षात किती खरा असतो, याचा कस न्यू जर्सीतील रिजवुड गावी लागला. 1999 मध्ये तिथल्या सातवी ते बारावीच्या मुलांना 156 प्रश्नांचे एक सर्वेक्षण देण्यात आले. त्यात अमली पदार्थ, लैंगिक संबंध, आत्महत्येचे विचार आणि आई-वडिलांशी असलेले नाते यांविषयी प्रश्न होते. सर्वेक्षण ऐच्छिक व निनावी असल्याचे शाळेचे म्हणणे होते, तर मुलांना ते भरणे भाग पाडले गेले, असे पालकांचे. काही पालक न्यायालयात गेले. 2005 मध्ये संघीय अपील न्यायालयाने असे मानले की, सर्वेक्षण सक्तीचे होते असा निष्कर्ष पुराव्यावरून निघू शकतो. तथापि माहिती निनावी राखली गेल्यामुळे राज्यघटनेने दिलेल्या खाजगीपणाच्या हक्काचा भंग झाला नाही. पालक खटला हरले, पण वाद उफाळल्यावर न्यू जर्सीने अशा विषयांवरील सर्वेक्षणासाठी पालकांची लेखी पूर्वसंमती आवश्यक करणारा स्वतःचा कायदा केला होता. एडिसन आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या मुलांच्या शाळा याच राज्यात येतात, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने हा दूरचा इतिहास नाही.

चाचणी आणि प्रश्नावली दोन्ही ऐच्छिक असण्याचे उदाहरणही आहे. 1969 पासून चालत आलेल्या ‘नेप’ या राष्ट्रीय मूल्यमापनात नमुना म्हणून निवडलेल्या मुलांचीच चाचणी होते, कोणालाही वैयक्तिक गुण मिळत नाहीत, आणि शेवटी घरात पुस्तके किती, गेल्या महिन्यात किती दिवस गैरहजर होतास, असे प्रश्न येतात. आपल्याकडील राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणाशी तिचे बरेच साम्य आहे. वैयक्तिक किंवा कौटुंबिक श्रद्धा आणि दृष्टिकोन यांविषयी विचारण्यास ‘नेप’ला कायद्यानेच मनाई आहे. तिच्याबाबत पालकाने फार चिंता करावी असे मला वाटत नाही.

चिंता करावी ती महाविद्यालय-प्रवेशाच्या चाचण्यांसोबत येणाऱ्या प्रश्नावलीची. मिशिगन, कनेटिकट यांसारख्या राज्यांत माध्यमिक टप्प्यावरची सक्तीची राज्य-चाचणी म्हणून ‘सॅट’ शाळेच्या वेळात, सरकारी खर्चाने घेतली जाते. म्हणजे जी परीक्षा एरवी विद्यार्थी स्वतः पैसे भरून, स्वतःच्या इच्छेने देतो, ती इथे 95 टक्क्यांच्या हिशेबातली चाचणी होते. तिच्यासोबत गुणांची सरासरी, पुढे कोणता विषय घ्यायचा आहे, धार्मिक उपक्रमांतील रस, आई-वडिलांचे शिक्षण असे प्रश्न विचारले जात. उत्तरे देणे बंधनकारक नव्हते. परंतु वर्गात, पर्यवेक्षकासमोर, पेन्सिल हातात घेऊन बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला ते कसे कळावे? 2018 च्या मे महिन्यात संघीय शिक्षण खात्याने राज्यांना आणि शाळांना याच मुद्द्यावर मार्गदर्शन पाठवले आणि अशा पूर्वप्रश्नावलींमुळे विद्यार्थ्यांच्या माहितीच्या संरक्षणाचे कायदे मोडले जाऊ शकतात, असा इशारा दिला.

ही उत्तरे पुढे कुठे जात होती, हे न्यूयॉर्कच्या प्रकरणातून उघड झाले. ‘सॅट’ घेणारी संस्था, कॉलेज बोर्ड, विद्यार्थ्यांची माहिती शुल्क घेऊन महाविद्यालयांना वापरायला देत असे. शाळेमार्फत घेतलेल्या परीक्षांतून मिळालेल्या माहितीचा असा व्यापारी वापर न्यूयॉर्कच्या कायद्याला मान्य नाही. राज्याच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांच्या कार्यालयाच्या चौकशीत एकट्या 2019 या वर्षात 2,37,000 हून अधिक न्यूयॉर्ककर विद्यार्थ्यांची माहिती अशा प्रकारे दिली गेल्याचे आढळले, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये संस्थेने 7,50,000 डॉलर भरून हे प्रकरण मिटवले. ही कारवाई राज्याच्या कायद्याखाली झाली, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पीपीआरएमध्ये विद्यार्थ्यांची माहिती विक्रीसाठी गोळा करण्याविरुद्ध कलम आहे, पण महाविद्यालयीन आणि सैनिकी भरतीचा त्याला अपवाद केलेला आहे.

महाराष्ट्रातून गेलेल्या पालकांना इथे एक जुनी सवय आडवी येते. शिष्यवृत्ती परीक्षेपासून दहावी-बारावीपर्यंत आपण शिकलो ते हेच की परीक्षेच्या अर्जातला रकाना कोरा ठेवू नये, नाही तर अर्ज बाद होईल. अमेरिकी प्रश्नावलीत मात्र कोरा रकाना हे सर्वस्वी वैध उत्तर असते आणि त्याने गुणांवर परिणाम होत नाही, हे मुलाला चाचणीच्या आदल्या दिवशी स्पष्ट सांगावे लागते.

याचा अर्थ प्रत्येक प्रश्नावली नाकारावी असा नाही. ‘व्होकल’सारख्या सर्वेक्षणातून शाळेतल्या छळाची जी कल्पना मिळते ती गणिताच्या गुणांतून कधीच मिळणार नाही, आणि माझे मूल तिथे शिकत असते तर मी त्याला ती भरू दिली असती, फक्त ती निनावी आहे की गोपनीय, एवढे आधी विचारले असते. निनावी म्हणजे उत्तर कोणाचे हे कोणालाच माहीत नाही. गोपनीय म्हणजे माहीत आहे, पण सांगितले जाणार नाही.

शाळेला लिहायचे झाल्यास चाचणी आणि सर्वेक्षण यांसाठी दोन स्वतंत्र पत्रे द्यावीत. चाचणीच्या पत्रात आपल्या राज्यात तशी मुभा असल्यास त्या कलमाचा उल्लेख करावा, आणि तिसरीतून चौथीत जाणे किंवा शालान्त पदविका त्या चाचणीवर अवलंबून नाही ना, हे आधी तपासावे, कारण काही राज्यांत पुढच्या वर्गात जाणे तिच्यावर ठरते. सर्वेक्षणाच्या पत्रात पीपीआरएचे नाव घेऊन प्रश्न आधी पाहायला मागावेत, पैसा कोणाचा आहे आणि उत्तरे कोणाकडे जाणार आहेत हे विचारावे, आणि नकार असल्यास तो त्या सर्वेक्षणाच्या नावानिशी नोंदवावा. दोन्ही पत्रे दरवर्षी नव्याने द्यावीत. पीपीआरएखालील हे हक्क मुलगा किंवा मुलगी 18 वर्षांची होताच पालकाकडून त्यांच्याकडे जातात, त्यामुळे बारावीत असताना वाढदिवस आला की पुढचे पत्र त्यांच्याच सहीने द्यावे लागते.