लिफ्टची प्लेट एकदा पुसून बघा
व्हीलचेअर लिफ्ट असलेल्या बस व व्हॅनच्या मालकांसाठी

रिकॉल, म्हणजे दोष सापडल्यावर माल दुरुस्तीसाठी परत बोलावणं, म्हटलं की गाडी आठवते. पण बसला लावलेली लिफ्ट बरेचदा वेगळ्याच कंपनीची असते. तिला स्वतःचा सिरियल नंबर असतो, आणि दोष लिफ्टमध्ये सापडला तर रिकॉल त्या नंबरांवर निघतो. पत्र जातं ते कंपनीच्या नोंदीत ज्याचं नाव आहे त्याला. गाडी सेकंड हँड असेल, किंवा लिफ्ट एका गाडीतून काढून दुसरीला लावली असेल, तर ते पत्र तुमच्यापर्यंत येण्याची शक्यता कमीच.

म्हणून प्लेट शोधा. बहुधा ती लिफ्टच्या खांबावर किंवा पंपाच्या कव्हरजवळ असते, ग्रीस आणि धुळीखाली झाकलेली. रॉकेलच्या फडक्याने पुसा, फोटो काढा, आम्हाला व्हॉट्सअ‍ॅप करा. कंपनीकडे तपास आम्ही करू. त्याचे पैसे घेत नाही.

एक तपासणी तुम्हीही करू शकता. लिफ्ट रिकामी ठेवून थोडी वर घ्या. प्लॅटफॉर्मच्या बाहेरच्या कडेची पट्टी आपोआप उभी राहायला हवी. अमेरिकेच्या वाहन सुरक्षेच्या 403 क्रमांकाच्या, लिफ्टसाठीच्या मानकानुसार, प्लॅटफॉर्म जमिनीपासून 75 मिलीमीटरच्या वर असेल आणि पट्टी उभी नसेल, तर लिफ्टने हलायलाच नको. हाताने दाबल्यावर पट्टी आडवी पडली, तर लिफ्ट लगेच बंद करा. खुर्ची मागे घरंगळली तर माणूस डोक्यावर पडतो. त्याच मानकात सार्वजनिक वापराच्या लिफ्टसाठी किमान 272 किलो भार धरला आहे, कारण बॅटरीची खुर्चीच शंभर किलोच्या वर जाऊ शकते.

लिफ्ट बाहेर असताना गाडी हलू नये म्हणून इंटरलॉक असतो. घाईत वेळ जातो म्हणून त्याची वायर काढून जोडजुगाड केलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. कृपा करून तसं करू नका, ड्रायव्हरलाही करू देऊ नका.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 110अ हे कलम आलं. दोष सुट्या भागात असेल, तर तो भाग लावलेल्या सगळ्या गाड्या परत बोलावण्याचा आदेश केंद्र सरकार देऊ शकतं, मग गाडी कुठल्याही कंपनीची असो. उत्पादकाला दुरुस्ती करून द्यावी लागते, गाडी बदलून द्यावी लागते, नाहीतर किंमत परत करावी लागते. तेव्हा रिकॉलच्या दुरुस्तीसाठी कुणी बिल पुढे केलं, तर आधी आम्हाला विचारा.

नागपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की हायड्रॉलिक पाइपाचं रबर कडक होऊन चिरतं. हा रिकॉल नव्हे, ही देखभाल. तिचा खर्च तुमचा.

रिकॉलमध्ये आलेली लिफ्ट दुरुस्त होईपर्यंत वापरू नका, हे आमचं ठाम सांगणं आहे. डायलिसिसची पाळी किंवा मुलाची परीक्षा थांबत नाही, हे आम्ही जाणतो. आदल्या दिवशी कळवलंत तर दुसरी लिफ्टची गाडी मिळवून द्यायचा प्रयत्न करू. फोटोसोबत गाडीचा नंबर आणि लिफ्ट कधी, कुणी बसवली तेही लिहा.