तेवीस जणी, २५३ जोड्या

२३ जानेवारी २०२२. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्या संध्याकाळी आशियाई महिला फुटबॉल चषकात भारताची गाठ चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानच्या संघाशी, पडायची होती. तीनच दिवसांपूर्वी त्याच मैदानावर आपल्या मुलींनी इराणशी ०-० अशी बरोबरी केली होती. यजमान आपण, मैदान आपलं, आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली तर पुढे विश्वचषकाची वाट. पण सामना झालाच नाही. स्पर्धेच्या नियमानुसार मैदानात उतरायला किमान १३ खेळाडू उपलब्ध असाव्या लागतात. संघात कोरोना असा पसरला की २३ जणींच्या यादीतून तेवढ्याही उभ्या राहिल्या नाहीत. भारताने माघार घेतली असं धरलं गेलं आणि इराणविरुद्धचा सामनाही हिशेबातून काढून टाकला गेला.

मला ही गोष्ट अजून लागून राहिली आहे. नशीब फुटकं म्हणून ती सोडून देता येत नाही, कारण तिच्यामागे गणित आहे. संघाची यादी करणाऱ्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

आधी २३ या आकड्याकडे बघू. मैदानावर अकरा जणी. प्रत्येक जागेला एक पर्यायी खेळाडू धरली की बावीस. वर तिसरी गोलरक्षक, कारण ते काम आयत्या वेळी दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालता येत नाही. हिशेब सरळ आहे: कुणाचा स्नायू ताणला जाईल, कुणाला ताप येईल, म्हणून राखीव फळी हाताशी ठेवायची.

ही फळी किती भक्कम असते? समजा, ऐन सामन्याच्या दिवशी प्रत्येक खेळाडू गैरहजर असण्याची शक्यता १० टक्के आहे आणि एकीच्या गैरहजेरीचा दुसरीशी काही संबंध नाही. मग सरासरी दोन-तीन जणी बाहेर बसतील. १३चा आकडा गाठता न येण्यासाठी मात्र एकाच वेळी निदान अकरा जणी बाहेर असायला हव्यात. हे गणित सोडवलं तर ती शक्यता सुमारे सव्वादोन लाखांत एक इतकीच निघते. म्हणजे असं कधी घडायलाच नको.

तरीही घडलं. कारण ‘एकीचा दुसरीशी संबंध नाही’ ही अटच तिथे मोडली होती.

वर्गातल्या २३ मुलांपैकी निदान दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता किती, हे कोडं अनेकांनी ऐकलं असेल. उत्तर पन्नास टक्क्यांहून किंचित जास्त येतं आणि ऐकणारा दचकतो. आपण माणसं मोजतो, तिथे मोजायच्या असतात जोड्या. २३ जणांच्या जोड्या होतात २५३. अकरा जणांच्या होतात फक्त ५५. माणसं दुपटीहून थोडी जास्त, पण जोड्या साडेचार पटींहून अधिक. आणि विषाणू या जोड्यांवरूनच चालत जातो. जेवणाचं टेबल, बस, कपडे बदलण्याची खोली, फिजिओचं टेबल: संघ एकत्र राहतो म्हणजे या जवळपास सगळ्या वाटा रोज खुल्या असतात.

त्यात तो जानेवारी ओमायक्रॉनचा. लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण तीन दिवस, आणि पहिल्या एक-दोन दिवसांत चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. सकाळी अहवाल निगेटिव्ह आलेली मुलगी त्याच संध्याकाळी सरावाला उतरते, पाण्याच्या बाटल्या गोळा करते, शेजारणीशी गप्पा मारते. यात तिचा काय दोष? सगळ्यांना बाहेरच्या जगापासून वेगळं ठेवलं तर बाहेरून येणारा धोका कमी होतो. पण एकदा विषाणू आत शिरला की आतल्या माणसांना एकमेकांपासून वाचवणारी भिंत उरत नाही.

त्याच वर्षी कतारच्या पुरुष विश्वचषकात संघांना २६ खेळाडूंची मुभा मिळाली. दुखापतींसाठी हे चांगलंच. पण २६ जणांच्या जोड्या होतात ३२५. साथीच्या विरोधात नुसती यादी लांबवून भागत नाही. लहान गटांत जेवणं, वेगवेगळ्या बस, वेगळ्या खोल्या, म्हणजेच जोड्या तोडणं, हा खरा उपाय.

आता गुडघ्याच्या दुखापतींचं बघा. तिथे तरी ‘एकीचा दुसरीशी संबंध नाही’ असं धरता येतं का? २०२३च्या महिला विश्वचषकाच्या याद्या जाहीर झाल्या तेव्हा त्यांत नसलेली नावं जास्त बोचली. इंग्लंडची कर्णधार लिआ विल्यमसन, २०२२च्या युरो या युरोपीय स्पर्धेत सर्वोत्तम खेळाडू ठरलेली बेथ मीड, नेदरलँड्सची व्हिव्हियाने मिडेमा. तिघींच्याही गुडघ्याचा एसीएल हा अस्थिबंध तुटला होता. तिघीही आर्सेनल या इंग्लिश क्लबच्या. नोव्हेंबर २०२२ ते मे २०२३ या काळात त्या एका क्लबच्या चौघींवर ही पाळी आली.

हा अस्थिबंध जेमतेम करंगळीएवढा. धावता धावता खेळाडू पाय रोवते, दिशा बदलते, गुडघा आत झुकतो, आणि पाय जमिनीला टेकल्यापासून सेकंदाच्या विसाव्या भागाच्या आसपास तो तुटलेला असतो. स्नायूंना सावरायला वेळच मिळत नाही. बहुतेकदा समोरच्या खेळाडूचा धक्काही लागलेला नसतो. मग परतायला नऊ महिने, कधी वर्ष.

महिलांमध्ये ही दुखापत पुरुषांच्या निदान दुप्पट प्रमाणात होते. याची कारणं बराच काळ फक्त शरीररचनेत शोधली गेली: कंबरेची रुंदी, संप्रेरकं. त्यांचा वाटा असेलही. पण पुरुषी पायाच्या मापावर बेतलेले बूट, खराब मैदानं, लहानपणापासून ताकदीच्या व्यायामाकडे झालेलं दुर्लक्ष, दोन सामन्यांमधली अपुरी विश्रांती, ही कारणं सगळ्या संघाला एकदमच लागू असतात. चौघींचं एका क्लबातलं असणं योगायोगही असू शकतो. तरी प्रश्न तोच विचारायला हवा: त्यांच्यात समान काय होतं? उडी मारून नीट उतरायला, पाय रोवताना गुडघा आत झुकू न द्यायला शिकवणारा वीस मिनिटांचा वॉर्म-अप नियमित केला तर दुखापती कमी होतात, हे शाळकरी मुलींच्या संघांवरच तपासून झालं आहे. त्याला शंकू, मैदानाचा तुकडा आणि लक्ष देणारा प्रशिक्षक, एवढंच लागतं. आपल्याकडे जिल्हा पातळीवर तो रोजचा भाग व्हायला काहीच हरकत नाही.

नेरूळच्या त्याच मैदानावर ६ फेब्रुवारी २०२२ला त्या आशियाई चषकाचा अंतिम सामना झाला. मध्यंतराला चीन दक्षिण कोरियाविरुद्ध ०-२ असा मागे होता. शेवटी तो ३-२ जिंकला. बरोबरीचा गोल झांग लिनयानचा, आणि भरपाई वेळेतला विजयी गोल श्याव युईचा. दोघीही बदली खेळाडू म्हणून आल्या होत्या.