प्रोस्टेट कर्करोग : निदानचाचण्या

मूत्राशयाच्या तोंडाशी, मूत्रमार्गाभोवती असलेल्या प्रोस्टेट (अष्ठीला) ग्रंथीत कर्करोग आहे का, असल्यास तो किती आक्रमक आहे आणि कुठवर पसरला आहे, हे ठरवण्यासाठी केल्या जाणाऱ्या तपासण्या. गुदद्वारातून बोटाने केलेली तपासणी, रक्तातील पीएसए (प्रोस्टेट-विशिष्ट प्रतिजन, या ग्रंथीत तयार होणारे एक प्रथिन) आणि एमआरआय यांवरून संशय येतो किंवा बळावतो. निदान पक्के होते ते सामान्यतः ऊती तपासल्यावरच.

सुमारे ७० टक्के कर्करोग ग्रंथीच्या परिघीय भागात उद्भवतात. हा भाग गुदाशयाला लागून असल्याने बोटाला लागतो. निरोगी ग्रंथी मूठ वळल्यावर अंगठ्याच्या बुडाशी फुगणाऱ्या स्नायूसारखी लागते. कर्करोगाची गाठ वळलेल्या मुठीच्या हाडासारखी टणक असते. लहान किंवा पुढच्या बाजूची गाठ अशा तपासणीत निसटते.

पीएसएचा शोध नेमका कोणाचा, याबद्दल मतभेद आहेत. फ्लॉक्स यांनी १९६० च्या सुमारास आणि अ‍ॅब्लिन यांनी १९७० मध्ये प्रोस्टेटच्या ऊतीतील विशिष्ट प्रतिजनांची नोंद केली. जपानमध्ये हारा यांनी वीर्यातून गॅमा-सेमिनोप्रोटीन वेगळे केले. ते व पीएसए एकच, हे पुढे स्पष्ट झाले. तथापि १९७९ मध्ये वांग, चू व त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रथिन ग्रंथीच्या ऊतीतून शुद्ध स्वरूपात मिळवले आणि त्यानंतरच ते रक्तात मोजण्याची वाट खुली झाली; त्यामुळे चाचणीच्या इतिहासात हा टप्पा अधिक निर्णायक मानणे योग्य वाटते. अमेरिकेत चाचणीला १९८६ मध्ये रुग्णाच्या पाठपुराव्यासाठी आणि १९९४ मध्ये, बोटाच्या तपासणीच्या जोडीने, कर्करोग शोधण्यासाठी मान्यता मिळाली.

पीएसए हे वीर्य पातळ करणारे विकर (एन्झाइम) आहे. ते निरोगी ग्रंथीतही तयार होते, म्हणून साधी ग्रंथिवृद्धी किंवा जंतुसंसर्ग यांतही रक्तातील प्रमाण वाढते. ग्रंथिवृद्धीवरील फिनास्टेराइड या औषधाने ते साधारण निम्म्यावर येते, त्यामुळे हे औषध चालू असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मिलीलिटरला ४ नॅनोग्रॅम ही रूढ मर्यादा काटेकोर नाही : २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात तिच्या आत असलेल्या सुमारे १५ टक्के पुरुषांतही कर्करोग आढळला. ४ ते १० या टप्प्यात मुक्त (रक्तातील इतर प्रथिनांशी न बांधलेल्या) पीएसएचे एकूण पीएसएशी प्रमाण पाहतात. ते कमी असल्यास संशय वाढतो.

बायॉप्सीत, म्हणजे सुईने ऊतीचे नमुने काढताना, सहसा १० ते १२ बारीक दंडगोलाकार तुकडे घेतात. आधी एमआरआय केल्यास संशयित जागी नेमकी सुई घालता येते. सुई गुदाशयातून घालण्याऐवजी विटपाच्या (वृषणकोश व गुदद्वार यांमधल्या भागाच्या) त्वचेतून घातल्यास जंतुसंसर्गाचा धोका कमी मानला जातो.

विकृतिशास्त्रज्ञ ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत पेशींऐवजी ग्रंथींच्या रचनेला १ ते ५ अशी श्रेणी देतात व सर्वाधिक आढळणारी आणि तिच्या खालोखालची अशा दोन श्रेणींची, याच क्रमाने, बेरीज करतात. ३+४ आणि ४+३ यांची बेरीज सारखीच ७, पण दुसरा प्रकार अधिक आक्रमक. बायॉप्सीत आता ६ हाच व्यवहारात सर्वांत खालचा गुण आहे. अहवालात दहापैकी सहा वाचून रुग्ण विनाकारण धास्तावतात. हे टाळण्यासाठीही २०१४ मध्ये १ ते ५ असे श्रेणीगट स्वीकारले गेले; त्यांत ६ हा गुण गट १ मध्ये येतो.

प्रसार पाहण्यासाठी अस्थि-स्कॅन, सीटी आणि अलीकडे पीएसएमए पेट स्कॅन (कर्करोगाच्या पेशींवरील पीएसएमए या प्रथिनाला चिकटणारे किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेला स्कॅन) वापरतात.