ट्यूलिपचे कंद खाल्लेला हिवाळा

ट्यूलिपचा कंद शिजवण्याआधी वरचं तपकिरी साल सोलायचं. मग तो मधोमध चिरून आतला पिवळा कोंब काढून टाकायचा, कारण तो विषारी. उरलेलं उकडून कुस्करायचं. १९४४-४५च्या हिवाळ्यात ॲमस्टरडॅम, रॉटरडॅम आणि हेगमधल्या बायका हा स्वयंपाक शिकल्या. सरपणासाठी लोक रात्री ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळे उपटून नेत. शहरातली माणसं टायर नसलेल्या सायकली रेटत गावोगावच्या शेतकऱ्यांच्या दारात उभी राहत आणि घरातल्या चादरी देऊन बटाटे मागत.

नेदरलँड्स मे १९४०पासून जर्मनीच्या ताब्यात होतं. सप्टेंबर १९४४मध्ये दोस्त सैन्य दक्षिणेत येऊन पोहोचलं, तेव्हा लंडनमधल्या परागंदा डच सरकारनं रेल्वे संपाची हाक दिली. सुमारे ३० हजार कामगार संपावर गेले. त्याचा सूड म्हणून जर्मन प्रशासनाचा प्रमुख आर्थर झाइस-इन्क्वार्ट यानं देशाच्या पश्चिम भागात जाणारं अन्न अडवलं. नोव्हेंबरात बंदी सैल झाली, पण तोवर साठे आटले होते. रेल्वे बंद, इंधन नाही, आणि पुढे कालवेही गोठले. नोव्हेंबरअखेर माणशी रेशन दिवसाला १,००० कॅलरींच्या खाली घसरलं, फेब्रुवारीपर्यंत साधारण ५००च्या घरात आलं. मोठ्या माणसाला लागतं त्याच्या जेमतेम चौथा हिस्सा. सुमारे २० हजार माणसं दगावली.

त्या महिन्यांतही बाळंतपणं होत होती. ॲमस्टरडॅमच्या विल्हेल्मिना रुग्णालयात प्रत्येक बाळाचं वजन, लांबी, डोक्याचा घेर, एवढंच काय, वारेचं वजनसुद्धा लिहून ठेवलं जात होतं. बाहेर लोक भुकेनं मरत असताना ही नोंद कुणीतरी नेमानं करत राहिलं, याचं मला फार मोल वाटतं. पुढे संशोधकांनी यातूनच नोव्हेंबर १९४३ ते फेब्रुवारी १९४७ या काळात जन्मलेल्या २,४१४ मुलांचा गट निवडला.

दुष्काळ सहसा हळूहळू येतो आणि हळूहळू सरतो. शिवाय तो आधीपासून गरीब असलेल्यांनाच गाठतो, त्यामुळे भुकेचा परिणाम कुठला आणि गरिबीचा कुठला हे वेगळं काढता येत नाही. इथे मात्र बऱ्यापैकी पोटभर खाणाऱ्या समाजावर उपासमार अचानक लादली गेली आणि मे १९४५मध्ये सुटकेबरोबर तितक्याच अचानक संपली. रेशनचा आकडा आठवड्यागणिक लिहिलेला होता. त्यामुळे जन्मतारीख कळली की आई कितव्या महिन्यात उपाशी होती हे सांगता येतं.

या नोंदींत एक मोठी पोकळी मात्र आहे. ही उपासमार सुरू होण्याआधीच देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी एक लाखाहून अधिक जणांना छळछावण्यांकडे नेलं गेलं होतं. त्यांतले फार थोडे परतले.

गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत आई उपाशी असेल, तर बाळ हलकं जन्मलं. सुरुवातीच्या महिन्यांत उपाशी राहून पुढे तिला नीट जेवण मिळालं असेल, तर बाळाचं वजन नेहमीसारखं भरलं. दिसायला ते धडधाकट. पण हीच माणसं पन्नाशीला आली तेव्हा त्यांच्यात हृदयविकार अधिक आढळला. अवयव घडण्याचे दिवस उपासात गेले होते आणि नंतरचं अन्न ते भरून काढू शकलं नाही.

२००८मध्ये संशोधकांनी उपासमारीत गर्भ राहिलेल्या ६० जणांच्या रक्ताची तुलना त्यांच्याच, पण उपासमारीच्या काळाबाहेर गर्भ राहिलेल्या सख्ख्या भावंडांशी केली. जनुकांवर मिथाइल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटतात आणि कोणतं जनुक किती चालावं हे ठरवायला मदत करतात. वाढीशी निगडित आयजीएफ-२ या जनुकावर उपासमारीत गर्भ राहिलेल्यांमध्ये हे गट कमी होते. फरक लहान होता, आणि पुढचे आजार त्यामुळेच झाले असं त्यावरून म्हणता येत नाही. पण साठ वर्षांनंतरही तो मोजता आला.

पुण्यात केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून आसपासच्या गावांत गर्भवतींचा अभ्यास केला, तो आईच्या उपासाचा बाळावर काय परिणाम होतो, याच प्रश्नाच्या मागे जाऊन. तिथली बाळं जेमतेम पावणेतीन किलोची. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा स्नायूंनी बारीक, पण चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिलेली. तिथे कुणी अन्न अडवलं नव्हतं, आयांची पोटं पिढ्यान्‌पिढ्या अर्धी राहिली होती.

झाइस-इन्क्वार्टवर न्यूरेंबर्गला खटला चालला. हद्दपारी, वेठबिगारी, ओलिसांची हत्या अशा युद्धगुन्ह्यांत तो दोषी ठरला आणि १६ ऑक्टोबर १९४६ रोजी फासावर गेला. पण नागरिकांची उपासमार हे युद्धाचं हत्यार म्हणून वापरायला आंतरराष्ट्रीय कायद्यानं स्पष्ट मनाई केली ती १९७७मध्ये. तेव्हा ती मुलं बत्तिशीची झाली होती. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारात हा युद्धगुन्हा म्हणून लिहिला गेला १९९८मध्ये. त्याच वर्षी ॲमस्टरडॅमच्या त्या मुलांच्या रक्तातली साखर तपासल्याचा निष्कर्ष छापून आला: आईच्या पोटात उपासमार सोसलेल्यांचं शरीर साखर नीट पचवू शकत नव्हतं.